खालच्या आळीला आवतण

१

मळकेरीत लग्न निघालं की पहिली अक्षत गणपतीला, दुसरी ग्रामदेवाला आणि तिसरी तळ्याला. माणसांचा नंबर त्यानंतर. गावातला रस्ता वर्षानुवर्षं फुटलेला राहील, शाळेचं पत्र्याचं छप्पर वाऱ्यानं उडून जाईल, कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. पण आवतणात तसूभर फरक झालेला या गावाला खपत नाही.

आवतण दोन तऱ्हेचं. एक ‘घरटी एक’, म्हणजे घरातल्या एकानं जेवायला यायचं. दुसरं ‘चूलबंद’, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. म्हाताऱ्या माणसापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांनी लग्नघरीच जेवायचं. आणि ज्यानं जसं बोलावलं, त्याला तसंच परत बोलवायचं. घरटी एकाला घरटी एक, चूलबंदाला चूलबंद. यात कुणी हात आखडता घेतला तर त्याच्या नातवाच्या लग्नातसुद्धा बायका टोमणे मारतात. अशी ही गोड माणसं.

तळ्याला मात्र कायम घरटी एक. मंडपात तळ्याच्या बाजूला दोन-चार पत्रावळी रिकाम्या मांडायच्या, त्यांवर सगळं वाढायचं, आणि सांज झाली की ते अन्न पाण्यात सोडायचं. पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचं, आमच्याकडं रीत आहे.

मंद्रूपहून आत वळलं की काळी रानं लागतात, मग ऊस, मग चढाला गाव आणि उताराला तळं. पाणी असं डोळ्यांसमोर, पण गावातल्या एकाही घराचं दार तिकडं नाही. तिकडं सगळ्यांच्या पाठभिंती आणि न्हाणीची भोकं. नवी आलेली सून म्हणते, इकडं एक खिडकी पाडली तर काय झकास वारा येईल हो. सासू म्हणते, पंखा लाव.

तळं इंग्रजांच्या काळातलं, दुष्काळी कामावर बांधलेलं. कामाला लांबून आलेली माणसं उताराला झोपड्या घालून राहिली, ती खालची आळी. काम संपलं तरी आळी उठेना. मग पाटलांच्या घरात लग्न निघालं आणि आळीला चूलबंद आवतण गेलं. जन्मात पहिल्यांदा गावानं बोलावलं म्हणून आळी झाडून जेवायला आली. वळवाचा पाऊस आदल्या रात्री धो धो पडून गेला होता, ओढा भरून वाहत होता, आणि तेवढ्या वेळात कुणीतरी बांधाचा दरवाजा पाडून पाणी अडवून ठेवलं. आळी जेवून परतली तेव्हा घरांत पाणी होतं. गुरं सोडवायला, भांडीकुंडी काढायला माणसं आत शिरली. गाव एवढंच सांगतं. पुढं काय झालं असं विचारलं की म्हणतात, चहा घ्या.

तेव्हापासून कधीमधी, ज्या घरात लग्न झालं त्या घरातलं एखादं माणूस तळ्यात जातं. गाव म्हणतं, पाय घसरला. म्हाताऱ्या बायका नुसत्या एकमेकींकडं बघतात.

२

तळ्याला अक्षत द्यायचा मान गुरवांच्या घरचा. पूर्वी सोमलिंग गुरव द्यायचा. तो गेल्यावर मान त्याच्या बायकोकडं, वैजयंतीबाईंकडं आला, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. एरवी विधवेची सावलीही अक्षतांवर पडू न देणाऱ्या गावाला इथं तीच बरी वाटली.

वैजयंतीबाई मंद्रूपच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. बाष्पीभवन, उत्प्लावन, पाण्याचं चक्र, सगळं मुलांच्या डोक्यात ठासून घालायच्या आणि रविवारी घाटावर जाऊन तळ्याला लग्नाचं आमंत्रण द्यायच्या. याचं त्यांना हसू यायचं. घरात पोरांपुढं त्या तळ्याची नक्कलही करून दाखवायच्या, “आमच्याकडून एकच येईल हो, बाकीच्यांना ताप आहे,” आणि त्यांची थोरली, इंद्रायणी, पोट धरून हसायची.

इंद्रायणी गेल्या थंडीत त्याच तळ्यात गेली.

गावाला सगळं ठाऊक होतं. रावजी पाटलांचा पृथ्वीराज दोन वर्षं तिच्या मागं-पुढं होता, लग्नाचं वचन देऊन बसला होता. मग अकलूजचं तालेवार स्थळ आलं. रावजींनी गुरवांच्या दारात उभं राहून, सगळी गल्ली ऐकत असताना, पोरगी आमच्या पोराच्या गळ्यात पडती म्हणून सांगितलं. पृथ्वीराज गाडीतच बसून होता, काच वर करून. इंद्रायणीनं दुसऱ्या दिवशी सकाळी घागर उचलली आणि ती परत आली नाही.

पंचनाम्याला गाव एका तोंडानं बोललं, पाय घसरला. आणि घरी जाऊन बायकांनी वर पुस्ती जोडली, गेल्या साली गुरवाच्या भावकीत लग्न झालं की, तळ्याचं परतीचं आवतण आलं असंल. झालं. पाटील सुटला, पोरगा सुटला, गाव सुटलं. सगळं तळ्याच्या नावावर खपलं. वैजयंतीबाईंना पोरीच्या मरणाएवढीच ही गोष्ट जाळत होती. रात्रंदिवस जाळत होती. त्या शाळेत जात, फळ्यावर आकृत्या काढत, घरी येऊन भाकरी थापत, आणि प्रत्येक भाकरी थापताना त्यांच्या मनात एकच असे, की या गावाचं तळपट झालेलं मला या डोळ्यांनी बघू दे.

वर्ष भरायच्या आत, वैशाखात, पृथ्वीराजचं लग्न निघालं. अक्षतांचं ताट घेऊन रावजी स्वतः आले. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून म्हणाले, “बाई, मान तुमच्या घरचा हाय. झालं ते झालं. रीत मोडाय नगं.”

वैजयंतीबाईंनी ताट घेतलं.

शेजारची बजाबाई भिंतीवरून बघत होती. ती गावातली सगळ्यात म्हातारी. रावजींची गाडी वळल्यावर ती हळूच म्हणाली, “घरटी येक म्हनायचं, बाळ. ध्यानात हाय न्हवं?”

“आहे की,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

३

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या सुमारास त्या ताट घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरल्या. उन्हाळ्यामुळं तळं आटलं होतं. कडेला चिखलाला भेगा पडलेल्या, मधे हिरवट पाणी, आणि पाणी अगदी गप्प.

काय करायचं हे त्यांचं रात्रीच ठरलं होतं. तळ्यात काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. पाणी आहे, गाळ आहे, मासे आहेत. पण गावाला वाटतं ना? गाव ज्याला भितं तेच करायचं, आणि लग्न पार पडल्यावर चौकात उभं राहून ओरडून सांगायचं, की मी असं असं केलं. मग झोपा सुखानं. पोरीला तळ्याच्या नावावर खपवलंत, आता घ्या तळं. एवढाच त्यांचा बेत होता, आणि तो मनात आला की छातीतला जाळ जरा निवायचा.

पाण्यालगतच्या पायरीवर त्या उभ्या राहिल्या. हळदीच्या अक्षता मुठीत घेतल्या, पाण्यावर टाकल्या, आणि स्पष्ट आवाजात, वर्गात हजेरी घ्यावी तशा म्हणाल्या, “रावजी पाटलांच्या पृथ्वीराजचं लग्न आहे. खालच्या आळीला आवतण. चूलबंद.”

काही झालं नाही. काय होणार होतं? त्या स्वतःवरच चिडल्या. आपण इतकं मोठं बोललो आणि साधी एक लाट नाही. ताट पालथं करून झटकलं आणि त्या पायऱ्या चढू लागल्या.

अर्ध्यावर आल्या असतील, तेव्हा मागं आवाज झाला. बारीक, चर्रर्र असा. त्या थांबल्या. मासा उसळला तर असा आवाज होत नाही. हा आवाज त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता, पण इथं तो कुठून येईल ते कळेना. मग वास आला. ओल्या राखेचा.

पेटत्या चुलीवर पाणी ओतलं की जो आवाज होतो तो हा आवाज होता.

त्यांनी वळून पाहिलं. पाणी तसंच, हिरवट आणि सपाट. पलीकडच्या काठाशी पुन्हा चर्रर्र झालं. मग मधे. मग आणखी पलीकडं, एकामागून एक, कुणी घाई न करता, घराघरांतून. जसं लग्नाला निघायच्या आधी बायका करतात तसं.

बाईंनी मनाला समजावलं. तळाशी सडलेला पाला असतो, त्यातून वायू निघतो, उन्हानं बुडबुडे फुटतात. आठवीच्या पुस्तकातच आहे. पायऱ्या मात्र त्या भराभर चढल्या, आणि घरी येऊन दार लावल्यावरही राखेचा वास पदरातून जाईना.

४

अनीश त्यांचा धाकटा. सोलापूरला एमआयडीसीत कामाला, दर शनिवारी घरी यायचा. बहीण गेल्यापासून तो फारसा बोलत नसे, पण गावातली बरोबरीची पोरं त्याला सोडत नव्हती. लग्नात वाढपी कमी आहेत, तू ये, म्हणून त्याला सांगावे आले होते. जेवणार नाही, नुसता वाढू लागेन, असं तो आईला म्हणाला.

वैजयंतीबाईंनी लग्नाच्या आदल्या रात्री ठरवलं की अनीश उद्या गावात नको. कारण विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. त्या तर मानत नव्हत्या ना? पण पोटच्या पोराच्या बाबतीत मानण्या-न मानण्याचा प्रश्न कुठं येतो? मोहोळच्या मावशीला चक्कर येते आहे, तू जाऊन दवाखान्यात दाखवून ये, असं त्यांनी सांगितलं. मावशीलाही फोन करून अंथरुणावर पडायला लावलं. अनीश सकाळी कुरकुरत मोटारसायकलवर बसला. तो वळणापलीकडं दिसेनासा झाल्यावर त्यांना मोकळं वाटलं. आता बाकीच्यांचं काय व्हायचं ते होवो.

मग त्या कळशी घेऊन घाटावर गेल्या. खरं तर पाणी नको होतं, बघायचं होतं.

तळं उतरलं होतं. एका रात्रीत पुरुषभर. कधी न दिसलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, शेवाळानं काळ्या, आणि त्यांच्याखाली चिखलात ओळीनं दगडी जोती दिसत होती, लहान लहान, एका माणसाला निजता येईल एवढ्याच घरांची. बाईंनी पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला गाठून विचारलं, उसाला पाणी सोडलंय का. तो म्हणाला, छ्या, दरवाजा बंद हाय, पाट कोरडा ठाक पडलाय, बगा की.

त्यांनी पाहिलं. पाट कोरडा होता. पण घाटापासून गावाकडं जाणारी पायवाट भिजलेली होती, आणि तिच्यावर नुसती मातीच मऊ झालेली नव्हती. चिखलात अनवाणी पावलं होती. मोठी, लहान, अगदी लहान. सगळी गावाकडं गेलेली. एकही परत आलेलं नव्हतं.

बाई दोन पावलं मागं सरल्या. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीच्या खाली कुठंतरी आनंदही होता.

५

लग्न शाळेच्या पटांगणात, भर दुपारी. रावजींनी हौसेला मोल ठेवलं नव्हतं. आकाश झाकणारा मंडप, पाण्याचे फवारे मारणारे पंखे, बँड, आणि जेवणात हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची खीर, कढयाच्या कढया. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या आणि पंगती बसल्या.

वैजयंतीबाई मंडपाच्या कडेला, खांबाशी उभ्या राहिल्या. त्यांना कुणी या म्हटलं नाही आणि जा म्हणायचं धाडसही कुणी केलं नाही.

पहिल्यांदा सगळं नेहमीसारखंच दिसलं. नंतर त्यांच्या लक्षात आलं की तळ्याच्या बाजूच्या रिकाम्या पत्रावळी कुठं दिसत नाहीत. त्या जागेवर माणसं बसली होती. त्यांच्या मागच्या ओळीतही माणसं होती. त्यामागंही. जुनेर नेसलेल्या बायका, उघड्या अंगाची म्हातारी माणसं, मांडीवर पोरं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. वाढलेलं खाली बघून खात होती, आणि पत्रावळ रिकामी झाली की मान वर न करता हात पुढं करत होती.

मळकेरीकरांना वाटत होतं ही अकलूजची वऱ्हाडी मंडळी. बाईंच्या शेजारी दोघी कुजबुजत होत्या, मुलीकडच्यांनी गडी-माणसं पण आणली वाटतं गं. आणि अकलूजकडचे पाहुणे, नाकाला रुमाल लावून, मळकेरी हे असलं गाव असेल असं वाटलं नव्हतं म्हणत होते. दोन्हीकडचे दोन्हीकडच्यांना नावं ठेवत होते, आणि पंगती मंडपाबाहेर कुंपणापर्यंत पोचल्या होत्या.

आचारी चनबसप्पा घाम पुसत रावजींकडं आला. हजार माणसांचा सैपाक पहिल्याच पंगतीत गेला म्हणाला, आणि कुनीच पुरे म्हनंना झालंय. रावजी खूश झाले. लग्नात गर्दी झाली याचं त्यांना भूषण वाटलं. आणखी गहू काढा म्हणाले, आणि यजमानानं करावा तसा आग्रह करायला स्वतः पंगतीत शिरले.

बाई बघत होत्या. जमीन ओली झाली होती. फवाऱ्याच्या पंख्यांनी असेल. पण पंखे मंडपाच्या त्या टोकाला होते आणि ओल इथं, बसलेल्या माणसांच्या खाली, मांडीभोवती.

रावजी एका म्हाताऱ्यापुढं वाकले. हसत हसत त्याच्या पत्रावळीवर हुग्गी वाढली आणि म्हणाले, “सावकाश होऊ द्या, पावनं. घरचंच कार्य समजा.”

म्हाताऱ्यानं मान वर केली.

बाईंना तो चेहरा दिसला नाही, तो त्यांच्याकडं पाठ करून होता. त्यांना दिसला तो रावजींचा चेहरा. त्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागचा माणूस निघून गेला. पळी हातातून पडली. ते सरळ झाले, मागं सरले, आणि स्टेजखालच्या खुर्चीवर जाऊन बसले. पृथ्वीराजनं वरून विचारलं, काय झालं आप्पा?

जिरली, असं बाईंच्या मनात आलं. जिरली. बघ, रावजी, नीट बघ. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्यांचा श्वास पुरा आत गेला. भीती होतीच, पण तिच्यावर मात करून हे सुख वर आलं होतं, आणि ते लपवावंसं त्यांना वाटलं नाही.

६

पंगती उठल्या. तळ्याच्या बाजूची माणसं मात्र गेली नाहीत. ती मंडपाच्या कडेकडेनं उभी राहिली, सगळ्या बाजूंनी, आणि मग त्यांच्यातली एक पोरगी पितळी ताट घेऊन पुढं आली.

इंद्रायणीच होती ती. अंगावर त्या दिवशीची हिरवी साडी, केस गळ्याला चिकटलेले. त्यांना पळत जाऊन तिला कवटाळायचं होतं, तिचं डोकं पदरानं पुसायचं होतं, आणि पाय जमिनीतून सुटत नव्हते.

इंद्रायणी स्टेजजवळ गेली. ताटातून चिमूटभर काढून रावजींच्या हातात ठेवलं. मग पृथ्वीराजच्या. तो नव्या बायकोकडं वळून काहीतरी बोलत होता, त्यानं न बघताच हात पुढं केला. दोन वर्षं जिच्या मागं फिरला तिच्याकडं त्यानं न बघताच हात केला. मग ती पहिल्या ओळीतल्या बायकांकडं गेली, मग पुरुषांकडं. एकेक घर करत, कुणाला न गाळता. प्रत्येकाच्या हातावर तांदूळ ठेवून ती काहीतरी एकच शब्द म्हणत होती. मळकेरीची माणसं, रीतीची पक्की. अक्षत पुढं आली की हात आपोआप पुढं येतो. कुणाची कोण, कशाचं आवतण, कुणी विचारलं नाही. पाहुण्यांपैकी असेल.

तेव्हा बाईंना उमगलं. हे परतीचं आवतण होतं. जेवलेली माणसं रीत पाळत होती.

घ्या, त्यांना वाटलं. घ्या सगळ्यांनी. पंचनाम्याला बोललात ना? घ्या.

बजाबाई तेवढी हात मागं लपवून उभी होती. इंद्रायणीनं तांदूळ तिच्या डोईवर ठेवले आणि ती पुढं सरकली.

आणि मग, मंडपाच्या पार पलीकडच्या दाराशी, हुग्गीची बादली खाली ठेवत असलेला अनीश बाईंना दिसला.

मावशीचं सोंग मोहोळमध्ये पाच मिनिटंही टिकलं नसणार. तो तसाच उलट फिरून आला होता आणि बाह्या सरसावून वाढायला लागला होता. इंद्रायणी त्याच्याच दिशेनं चालली होती.

बाई धावल्या. त्यांनी आयुष्यात कुणाला इतक्या जोरात ढकललं नव्हतं. खुर्च्या पडल्या, कुणाचं तरी पोर रडायला लागलं, बँडवाल्यांनी नेमकं तेव्हाच वाजवायला घेतलं. “अनीश, हात मागं घे,” त्या ओरडत होत्या, आणि तो बँडच्या आवाजात मान वाकडी करून, काय म्हणतेस, असं खुणेनं विचारत होता. त्याच्यापुढं त्याची सख्खी बहीण उभी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि ओळखलं नाही. हात कमरेला गुंडाळलेल्या पंच्याला पुसून त्यानं ओंजळ पुढं केली.

बाईंनी त्या ओंजळीवर आपला तळवा घातला. तांदूळ त्याच्या हाताला लागायच्या आधी त्यांच्या हातात आले. ओले, गार, गाळ लागलेले. त्यांनी मूठ आवळून छातीशी धरली आणि पोराच्या आणि पोरीच्या मधे उभ्या राहिल्या.

“इंद्रायणी,” त्या म्हणाल्या. “घरटी एक म्हण. मी येते, बाळा. आत्ता येते. एक म्हण.”

इंद्रायणीनं आईकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. निदान आईवरचा नव्हता. बाईंना वाटलं, ती हसेल, लहानपणी तळ्याच्या नकलेला हसायची तशी.

“तू आमास्नी कसं बोलावलंस?” तिनं विचारलं. घरात ती कधी असं बोलत नसे.

मागं कडेकडेनं उभी असलेली माणसं उत्तर ऐकायला थांबली होती. बाई नुसती मान हलवत राहिल्या, नाही, नाही, आणि मुठीतून पाणी ठिबकून त्यांच्या पायांवर पडत राहिलं.

“चूलबंद,” इंद्रायणी म्हणाली, आणि ताट सावरून शेजारच्या घरच्या माणसांकडं वळली.

बँड थांबला. अनीशनं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिची आवळलेली मूठ बघून विचारलं, “आई, ती कोण होती? कुणाकडचं आवतण?”

“आपल्याच घरचं,” वैजयंतीबाई म्हणाल्या.